कारंजे : शनिवारवाड्यापासून आपल्या बागेपर्यंत

स्मरणिका समितीने "काहीतरी इतिहासाचं लिहा" असा आग्रह धरला. जव्हारचा इतिहास म्हटला की मुकणे राजघराणे, जयविलास राजवाडा, शिरपामाळ ही नावे येणारच. त्यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मी विषय घेतला आहे तो आपल्या बागेतल्या सिमेंटच्या कारंज्याचा. हसू नका. मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ते कारंजे पाडून तिथे चार गाड्यांची जागा करावी असा ठराव आला होता आणि तो पुढच्या सभेवर ढकलला गेला, हे सर्व सभासदांना ठाऊक आहे. मत देण्याआधी ही वस्तू आली कुठून, चालते कशी आणि खाते किती, हे समजून घेतलेले बरे. बँकेत आम्ही कर्जाचा अर्ज असाच तपासायचो.

कारंजे ही मुळात पंपाची वस्तू नव्हे. उंचावरचे पाणी बंद नळातून खाली आणले की ते पुन्हा आपल्या मूळ पातळीकडे उसळू पाहते. एवढ्या एका नियमावर जुन्या लोकांनी कारंजी उडवली. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर बांधली, ती नहर-ए-अंबरी. तिथल्याच पाणचक्कीला सुमारे सहा किलोमीटरवरून मातीच्या खापरी नळांतून पाणी आणले आहे. ते उंच भिंतीवर चढते, तिथून हौदात कोसळते, आणि त्या जोरावर धान्य दळण्याची चक्की फिरायची. गंमत म्हणजे त्या मोठ्या हौदाचा तळ हाच खालच्या दालनाचे छत आहे. वर पाणी, खाली गारवा. एकाच पाण्याकडून तीन कामे करून घेतली. शोभा ही त्यातली एक, आणि तीही फुकटात.

पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी दगडी नळाने शहरात आणले. वाटेत हवा कोंडू नये म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले. पेठांतून हौद बांधले आणि लोकांना पिण्याचे पाणी दिले. शनिवारवाड्यातले हजारी कारंजे, सोळा पाकळ्यांचे कमळ, हे त्याच काळातल्या जलव्यवस्थेचे लेणे. सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी ते केले असे सांगतात. १८२८ च्या आगीत वाडा जळाला. कमळाची बैठक आजही बघायला मिळते. क्रम लक्षात घ्या बरं का. आधी तलाव, मग नळ, मग पेठेतले हौद, आणि मग कारंजे.

मुंबईतही तसेच घडले. विहारचे पाणी नळाने मुंबईत आले १८६० साली, आणि फ्लोरा फाऊंटन उभे राहिले १८६४ साली. आराखडा नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचे. खर्च सुमारे सत्तेचाळीस हजार रुपये, त्यातले वीस हजार कर्सेटजी फर्दूनजी पारेख यांनी दिले. म्हणजे लोकवर्गणी आणि एक मोठा देणगीदार! आपल्या गणेशोत्सवाचेच गणित. मुळात ते राणीच्या बागेत बसवायचे होते, पण बसले कोटाच्या चर्चगेट दरवाजाच्या जागी. पुढे १९५५ च्या नोव्हेंबरात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर याच चौकात गोळीबार झाला. आज तो हुतात्मा चौक आहे आणि मराठी माणसाला ती फुलांची देवता नंतर आठवते, हुतात्मे आधी. मशीद बंदरला १८७६ साली केशवजी नाईक यांनी बांधलेले कारंजे तर खरे म्हणजे घड्याळाच्या मनोऱ्यासह असलेली पाणपोई. वाटसरूने पाणी प्यावे, हाच त्याचा उद्देश.

आता सिमेंटकडे येतो. फ्लोरा फाऊंटन आहे पोर्टलंड दगडाचे. १८२४ साली लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने सिमेंटचे पेटंट घेतले तेव्हा ते वाळल्यावर याच दगडासारखे दिसते म्हणून त्याला पोर्टलंड सिमेंट नाव दिले. आजही गोणीवर तेच नाव असते. पुढे फ्रान्समधल्या जोसेफ मोनिए या माळ्याला झाडांच्या कुंड्या फुटण्याचा कंटाळा आला. त्याने सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घालून कुंड्या केल्या आणि १८६७ साली पेटंट घेतले. ज्या आर.सी.सी.वर आपल्या इमारती उभ्या आहेत, तिची एक सुरुवात अशी बागेतल्या कुंडीत आहे. आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यात १९१४ साली सिमेंट निघू लागले. त्यानंतर राजेरजवाड्यांच्या संगमरवराऐवजी साच्यात ओतलेली, पांढरा रंग दिलेली कारंजी शाळा, नगरपालिका आणि सोसायट्यांच्या बागांत आली. आपले कारंजे त्याच घराण्यातले.

पंचवीस वर्षांपूर्वी, जव्हार ठाणे जिल्ह्यात असताना, आपल्या सभासदांनी वर्गणी काढून ते बसवले. दहा फूट व्यासाचा, दीड फूट खोल हौद, मध्ये खांब आणि दोन थाळ्या. गवंडी जवळच्याच पाड्यावरचा, घोटाई अशी की आज इतक्या वर्षांनी थाळीला पोपडा नाही. तळ मात्र एकदा चिरला, कारण भराव नीट न ठोकता त्यावर काँक्रीट ओतले गेले होते. तेव्हा काही दिवस सगळ्यांचे मत होते की उन्हामुळेच पाणी आटते. शेवटी बादलीची परीक्षा केली. हौदात विटांवर भरलेली बादली ठेवायची, आतले आणि बाहेरचे पाणी एका पातळीला आणायचे, दोन दिवस थांबायचे. दोन्हीकडे सारखे उतरले तर ऊन, हौदाचे जास्त उतरले तर गळती. आपल्या हौदाचे तीन बोटे जास्त उतरले. मग चीर इंग्रजी व्ही आकारात खोदून, साफ करून, वॉटरप्रूफिंग घातलेल्या मालाने भरली आणि चौदा दिवस पाणी मारले. त्यानंतर हौद भरून, आठवड्याने रिकामा करून, पुन्हा भरला. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, तो निघून गेल्याशिवाय मासे सोडू नयेत. ते मरतात.

बाकी देखभाल सोपी आहे, पण नेमाने करावी लागते. पंपाची जाळी आठवड्याला धुवायची. थाळीवरचे शेवाळ काथ्याच्या ब्रशने काढायचे. पांढरे खवले आले तर आम्ल ओतायचे नाही, त्याने सिमेंट खाल्ले जाते. ओल्या कपड्याने आणि ब्रशने घासणे पुरे. विजेच्या जोडणीला ईएलसीबी हवेच, पोरे पाण्यात हात घालतात. आणि पंप बंद असेल तेव्हा हौद कोरडा ठेवायचा. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात आणि डेंग्यू कुणाचा फ्लॅट नंबर विचारत नाही.

आता खरा प्रश्न. पाणी. हौदात मावते सुमारे ३,३०० लिटर, आणि तेच पुन्हा पुन्हा फिरते. उन्हाळ्यात रोज सात-आठ मिलिमीटर पाणी उडते असे धरले तर पन्नास-साठ लिटर रोजचे. वाऱ्याने उडणारे शिंतोडे वेगळे. म्हणजे चार हंडे. आकडा लहान वाटतो. पण आपल्या तालुक्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून तो उतारावरून वाहून जातो, आणि मार्च उजाडला की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर बाया उतरणीवरच्या विहिरीतून डोक्यावर हंडे चढवतात, टँकरची वाट बघतात. मोखाड्यातच मध्य वैतरणेचे १०२ मीटर उंच काँक्रीटचे धरण आहे. त्यातून रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला मिळते, आणि त्याच तालुक्यात टँकर फिरतात. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशी घरी चार हंडे कसे आणतात हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना एप्रिलमध्ये उडणारे कारंजे बघवणार नाही. पाडण्याच्या बाजूने बोललेल्या तरुण सभासदांचा हा मुद्दा मला पार्किंगच्या मुद्द्यापेक्षा वजनदार वाटतो, आणि तो त्यांनी ठामपणे मांडला याचा आनंद आहे.

पण त्यावर उपाय पाडणे नाही. कात्रजचा आणि विहारचा क्रम आपण पाळू. आधी साठवण, मग शोभा. माझी सूचना अशी. गच्चीचे पावसाचे पाणी गाळणीतून जमिनीखालच्या टाकीत घ्यावे, त्याचा ओव्हरफ्लो कारंज्याच्या हौदात सोडावा, आणि तिथून बागेच्या शोषखड्ड्यात. कारंजे चालेल जून ते जानेवारी, सणावारी आणि संध्याकाळी तासभर. फेब्रुवारीत हौद रिकामा करून ते पाणी झाडांना द्यावे. उन्हाळाभर कोरड्या हौदाची डागडुजी करावी. जयसागर धरणाच्या नळाचे पाणी त्यात कधीही सोडू नये, असा ठरावच लिहून ठेवावा. खर्च दुरुस्ती निधीतून, व्यवस्थापक समितीच्या मंजुरीने, तीन कोटेशन मागवून.

चार गाड्यांची सोय रस्त्याच्या बाजूच्या पट्ट्यात होऊ शकते, त्याचे माप मी टेपने घेऊन सचिवांकडे दिले आहे. तिथे गाडी लावता येईल, पण बसून गप्पा मारता येणार नाहीत. हौदाच्या कठड्यावर गेली पंचवीस वर्षे संध्याकाळी बायका भाजी निवडत बसतात, मुले अभ्यास सोडून बसतात आणि आम्ही निवृत्त मंडळी पेन्शनचा हिशेब करत बसतो. येत्या सभेत सर्व सभासदांनी वेळेवर यावे आणि गणपूर्ती होऊ द्यावी, ही विनंती.