गाळ विसरत नाही

नदीत सोडलेली घाण पाण्याबरोबर समुद्राला मिळते, असे आपण सहज धरून चालतो. अमेरिकेतील हडसन नदीने हा समज खोटा ठरवला.

या नदीकाठी विजेची धारित्रे बनवणाऱ्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात 'पीसीबी' ही तेलकट रसायने नदीत जात होती. ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत. मातीच्या बारीक व सेंद्रिय कणांना चिकटतात. प्रवाह वेगवान असला की हे कण तरंगत पुढे जातात, संथ झाला की तळाशी बसतात. फोर्ट एडवर्ड येथील जुन्या धरणामागे असा गाळ साचत गेला. १९७३ साली धरण काढले आणि तो गाळ खाली वाहत सुटला. १९७६ मध्ये नदीच्या वरच्या भागात मासेमारी बंद करावी लागली. पुढे सांडपाणी थांबले, तरी मासे निर्विष झाले नाहीत. कारण आता नदीचा तळच प्रदूषणाचा उगम बनला होता. अखेर २००९ ते २०१५ या काळात तो गाळ उपसावा लागला.

यातून आपण काय शिकायचे? नदीचे पाणी गाळून मगच तपासले, तर अशा विषाचा बराचसा भाग गाळणकागदावरच राहून जातो. पाण्याइतकीच गाळाचीही तपासणी हवी.