साखळीपासून उपग्रहापर्यंत

मंचेरियलहून नागपूरकडे जाणारी आगगाडी हिंगणघाटावरून जाते. याच हिंगणघाटी १८२३ साली विल्यम लॅम्ब्टन निवर्तला. १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने पायारेषा मोजून त्याने हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला होता. कृष्णा-गोदावरीमधील रानांत त्याचा सहायक एव्हरेस्ट तापाने अंथरुणास खिळला. एकेका स्थळाच्या अक्षांश-रेखांशांची किंमत ही अशी होती!

आज खिशातील फोन ते क्षणात सांगतो. किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून अंतरे कळतात आणि अंतरांवरून स्थान ठरते. जणू लॅम्ब्टनच्या टेकड्याच आकाशात गेल्या. अमेरिकेच्या जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली सुटला, पूर्ण संच १९९५ मध्ये कार्यान्वित झाला. नागरिकांना मिळणाऱ्या संदेशांत हेतुतः ठेवलेली अशुद्धता मात्र मे २००० मध्येच हटली. किल्ली परक्याच्या हाती, ती अशी.

भारताने १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून स्वतःचा पहिला दिक्चालन उपग्रह सोडला. २०१६ मध्ये या योजनेस ‘नाविक’ हे नाव मिळाले. पुढे काही उपग्रहांतील आण्विक घड्याळे बिघडली, हेही नमूद केले पाहिजे. कारण घड्याळ चुकले की स्थान चुकते. महाराष्ट्रात आता मोजणीदार शेताच्या बांधावर साखळीऐवजी उपग्रहांचे संदेश टिपणारे रोव्हर यंत्र घेऊन उभा राहतो. बांधावरून भांडणारे भाऊ मात्र तेच आहेत.