गफार बेग मुनशी ते हमीद दलवाई

पुण्यातील हिंदु-मुसलमानांच्या संबंधांचा इतिहास पाहू गेल्यास हाती येतात ती बहुधा तंट्यांची दप्तरे. यात नवल नाही. भांडणाची नोंद सरकार ठेवते, बोलाचालीची कोणीच ठेवीत नाही. तरी अशी एक नोंद जोतीराव फुले यांच्या चरित्रात टिकून राहिली आहे. लोकांच्या सांगण्यावरून गोविंदरावांनी मुलास शाळेतून काढले व मळ्यात कामास लावले. पुढे उर्दू-फार्सीचे शिक्षक गफार बेग मुनशी आणि लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ यांनी त्यांचे मन वळविले, आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा मिशनच्या शाळेत गेले. एका मुसलमान शिक्षकाने शेजारच्या माळ्यास त्याच्या मुलाविषयी चार शब्द सांगावे आणि त्याने ते ऐकावे, एवढीच ती गोष्ट. आज ती आपल्याला अपूर्व वाटते, हीच खरी विचार करण्याजोगी बाब होय. जोतीरावांनी पुढे महंमद पैगंबरांवर काव्यही रचले.

याच जोतीरावांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला. त्याचे नाव शतकभराने एका मुसलमानाने उचलले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यातच मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. त्याआधी, १८ एप्रिल १९६६ रोजी, त्यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला होता. तोंडी तलाक बंद व्हावा, ही त्यांची एक मागणी. एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी. मध्ये एक्कावन्न वर्षे गेली!

दलवाई मराठीत लिहीत, म्हणजे बहुसंख्यांना सहज कळेल अशा भाषेत. पण कळणे निराळे आणि ऐकणे निराळे. मुल्लामौलवींवरील त्यांचे प्रहार हिंदू वाचक मोठ्या आवडीने उद्धृत करतो. हिंदू जमातवादावर त्यांनी तितक्याच स्पष्टपणे केलेली टीका मात्र त्याच्या आठवणीत राहत नाही. आमच्या मते हा संवाद नव्हे. साक्षीदाराच्या जबानीतले सोयीचे तेवढे उतरवून घेण्याचा हा प्रकार आहे. दलवाईंचा निम्मा भाग वाचून त्यांना आपला म्हणणाऱ्यांनी त्यांची १९६५ सालची ‘इंधन’ ही कादंबरी अवश्य पाहावी. कोकणातल्या त्या गावी हिंदू आणि मुसलमान एकमेकांना नावागावानिशी ओळखतात, एकच बोली बोलतात. आणि तरीही तेथे तेढ पेटते.