बातमी कोणाच्या हातची?

१९७६ च्या जुलैत दिल्लीला अलिप्त राष्ट्रांची एक परिषद भरली. साम्राज्ये गेली, झेंडे बदलले, पण आमच्या बातम्या अजून पाश्चात्त्यांच्या चार बड्या वृत्तसंस्थाच जगाला सांगतात. आमचे दुष्काळ आणि बंडाळ्या त्यांना दिसतात, आमचे जगणे दिसत नाही, अशी नव्या राष्ट्रांची तक्रार होती. तक्रार खरी होती. मात्र यजमानांच्या घरात त्या वेळी आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला होता, आणि देशातील चारही वृत्तसंस्था त्याच वर्षी फेब्रुवारीत 'समाचार' नावाच्या एका दावणीला बांधल्या गेल्या होत्या.

ही विसंगती पुष्कळांनी दाखवली आहे. आपल्याला दुसरी दाखवायची आहे. नव्या राष्ट्रांनी रॉयटरला जे विचारले, ते अस्पृश्यांनी येथल्या शिकलेल्या समाजाला कितीतरी आधी विचारले होते, आणि त्याची सुरुवात रत्नागिरी जिल्ह्यात झाली.

लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेले गोपाळबाबा वलंगकर 'दीनबंधू'तून लिहीत. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' काढले. त्यात विनवणी नाही, सवाल आहेत. दापोली म्हणजे पेन्शनर महार सैनिकांची वस्ती. पलटणीच्या शाळेत अक्षर शिकलेला हा वर्ग आपले म्हणणे स्वतः मांडू लागला. पुढे महारांची लष्करभरतीच बंद झाली आणि ही वाट अडली.

लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले. जिल्हा एकच! पण ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊ केले तरी छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते.

१४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूणला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली रत्नागिरी जिल्ह्याची शेतकरी परिषद भरली. विषय खोतीचा होता. खोत सरकारचा सारा गोळा करी आणि कुळाकडून मक्त्याबरोबर वेठही घेई. कुळांत महार होते तसे कुणबीही होते, म्हणजे प्रश्न अवघ्या जिल्ह्याच्या पोटाचा होता. पण जिल्ह्यात छापखाना कोणाचा, वर्गणीदार कोण, वकील कोण, हे पाहिले की कुळाची बाजू लिहिणारा कोठून येणार, हे वेगळे सांगायला नको. ज्या पत्राने ती बाजू घ्यायची, ते 'बहिष्कृत भारत' त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला बंद पडले. कारण विचारांची टंचाई नव्हे, पैशाची. वर्षभरानंतर 'जनता' निघाला. १९३७ च्या सप्टेंबरात खोती नष्ट करण्याचे बिल बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात मांडले. कायदा व्हायला १९४९ उजाडले.

१९४५ साली काँग्रेस आणि गांधीजींवर लिहिताना बाबासाहेबांनी बोट ठेवले ते नेमके वृत्तसंस्थेवर. असोसिएटेड प्रेस ऑफ इंडियाचा कर्मचारीवर्ग एकाच जातीचा, मद्रासी ब्राह्मणांचा, आणि काँग्रेसविरुद्धची बातमी तेथे गळते, हे त्यांचे म्हणणे. संस्था रॉयटरच्या मालकीची होती, हे खरे. पण बातमी चाळणारा हात देशीच होता! १९४९ च्या फेब्रुवारीत पी.टी.आय.ने रॉयटरकडून कारभार घेतला. मालकी स्वदेशी झाली. टेबलामागची माणसे कोणत्या वस्तीतून आली, हे कोणी विचारले नाही.

१९८० साली युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाने आपला अहवाल दिला. राष्ट्राराष्ट्रांतल्या विषम वृत्तप्रवाहाची चर्चा त्यामुळे जगभर झाली. राष्ट्राच्या पोटातली विषमता, गावकुसाबाहेरून आत न येणारी बातमी, आपल्याकडच्या चर्चेत फारशी आलीच नाही.

१९९६ च्या नोव्हेंबरात बी. एन. उनियाल यांनी 'पायोनिअर'मध्ये लिहिले, की दिल्लीत दलित पत्रकार शोधला, एकही सापडला नाही. तीस वर्षांच्या पत्रकारितेत आपल्याला एकही दलित पत्रकार भेटला नाही, हे त्यांच्या तोवर ध्यानातच आले नव्हते. शोधायला लावणारा होता 'वॉशिंग्टन पोस्ट'चा दिल्लीतील वार्ताहर केनेथ कूपर. तो स्वतः अमेरिकेतला काळा माणूस.