खोतीचे बिल आणि आपले मत

निवडणूक आली की प्रत्येक पक्षाला गरीब आठवतो. जाहीरनाम्यात जमीन, रोजगार, कर्जमाफी सगळे असते. मतदान झाले की ते जाते कुठे? याचे उत्तर आम्ही इतिहासात शोधतो.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मतदानाचा हक्क कर, मालमत्ता, शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता. कोकणात खोताचे कूळ असलेल्या बहुसंख्य गरिबांना मतच नव्हते. तरी पक्षाचे बहुतेक उमेदवार मुंबई प्रांतात निवडून आले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे बिल विधिमंडळात मांडले. यातली बरीच कुळे कुणबी होती, हे आपल्याला 'एका जातीचा नेता' म्हणून हिणवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत विधिमंडळावर धडकले. सत्ता मात्र काँग्रेसकडे होती. बिल मंजूर झाले नाही. खोती संपवणारा कायदा यायला १९४९ उजाडले.

म्हणजे निवडणूक जिंकूनही सुधारणा बहुमताच्या मर्जीवर राहते. म्हणूनच १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी वेगळी मांडणी केली. शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे, विमा राज्याची मक्तेदारी, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना कसायला. आणि हे सारे थेट संविधानातच, म्हणजे उद्याचे बहुमत ते मोडू शकणार नाही. संविधान सभेने ही मांडणी स्वीकारली नाही. आर्थिक न्याय मार्गदर्शक तत्त्वांत गेला आणि कलम ३७ नुसार ती तत्त्वे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत.

मग मत देऊन उपयोग काय, असे काही तरुण विचारतात. आम्ही म्हणतो, उपयोग आहे. मत नसते तर बिल मांडायला विधिमंडळात कोणी गेलेच नसते. पण रस्त्यावरचा मोर्चा नसता, तर ते बिल कागदावरच राहिले असते, कोकणातल्या कुळांचा प्रश्न झाला नसता.

म्हणून मित्रांनो, उमेदवार दारात आला की तीन प्रश्न विचारा: जमीन कोणाला, खासगीकरणात आरक्षणाचे काय, आणि कंत्राटी कामगाराला कायम कधी करणार? उत्तर लिहून ठेवा. निकालानंतर तोच कागद घेऊन, कुणब्यापासून कामगारापर्यंत सगळ्यांना सोबत घेऊन, त्याच्या दारात आपण जायचे आहे.

जय भीम!