फलंदाजाची नियत आणि पंचाचं बोट

आमच्या पनवेल-उरणकडे टेनिस चेंडूच्या सामन्यात खेळ अडला की बरेचदा कारण एकच असतं. फलंदाज फेकीच्या आड मुद्दाम आला की चुकून? "नियतच खराब होती," असं एक बाजू म्हणते. भांडण जुनं आहे आणि थोरामोठ्यांचंही आहे.

१९५१ साली ओव्हलवर लेन हटनचा चेंडू वर उडाला. यष्टीवर पडेल म्हणून त्याने बॅटने तो ढकलला आणि दक्षिण आफ्रिकेचा यष्टिरक्षक रसेल एन्डीन याचा झेल हुकला. यष्टी वाचवायला चेंडू दुसऱ्यांदा मारता येतो, झेल अडवायला नाही. हटन बाद. गंमत अशी, की १९५७ मध्ये केपटाऊनला हाच एन्डीन यष्टीकडे येणारा चेंडू हाताने अडवून 'चेंडू हाताळला' म्हणून बाद झाला.

आपल्याकडे मोहिंदर अमरनाथच्या नावावर दोन्ही आहे: १९८६ मध्ये मेलबर्नला हाताने, १९८९ मध्ये अहमदाबादला पायाने. पण मला चटका लावतो रमीझ राजा. १९८७, कराची, इंग्लंडविरुद्ध. शतकासाठी शेवटच्या चेंडूवर दुसरी धाव घेताना त्याने फेक बॅटने अडवली. ९९ वर बाद!

२००६ मध्ये पेशावरला इंझमाम क्रीजबाहेर होता. सुरेश रैनाची फेक आली, त्याने ती सवयीने तटवल्यासारखी बॅटने खेळली. भारताने अपील केलं, पंचांनी बोट वर केलं. तेव्हा आपल्याकडे अनेकांना तो भोळेपणा वाटला. भोळेपणा असेलही, पण नियम लबाडी शोधत नाही. कृती जाणूनबुजून होती का, एवढंच विचारतो. इंझमामने बॅट जाणूनच घातली. माझ्या मते निर्णय बरोबर होता.

बेसबॉल इथे आणखी कडक आहे. मारलेला चेंडू पकडायला निघालेल्या क्षेत्ररक्षकाच्या वाटेत धावपटू आला, तर नियत विचारतच नाहीत, तो बाद. फेकलेल्या चेंडूबाबत मात्र मुद्दाम केलं का, हे पंच पाहतो.

क्रिकेटने २०१७ मध्ये 'चेंडू हाताळला' हा वेगळा प्रकार काढून 'क्षेत्ररक्षणात अडथळा' यात मिसळला. म्हणून २०२३ मध्ये मीरपूरला मुशफिकुर रहीमने चेंडू हाताने बाजूला सारला, तेव्हा धावफलकावर अडथळा लिहिलं गेलं. कसोटीत हटननंतर ७२ वर्षांनी. तो चेंडू यष्टीपासून दूरच चालला होता.