काचेमागचा रुग्ण : माणसाला माशांचे आजार दिसू लागले, त्याची गोष्ट

१/ अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात असलेले राजूर हे गाव डांगी जनावरांच्या वार्षिक प्रदर्शनासाठी ओळखले जाते. तेथे येणारा जाणकार पशुपालक बैलाचे डोळे, नाकपुड्या, कातडी आणि चाल पाहूनच त्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधतो. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत ही नावे त्याच्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली आहेत.

२/ याच राजूरच्या पश्चिमेस प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण आहे. नदीत मासे आहेत आणि माशांची निरनिराळी नावेही लोकांना ठाऊक आहेत. माशांच्या आजारांसाठी मात्र बोलीभाषेत अशी शब्दसंपदा क्वचितच आढळते. हा फरक का पडला, याचे उत्तर या धाग्यात शोधू.

३/ आपल्याकडे प्राण्यांच्या वैद्यकाची परंपरा जुनी आहे. अश्ववैद्यक शालिहोत्राच्या नावाने ओळखले गेले, तर गजवैद्यक पालकाप्याच्या नावाने. झाडांसाठीही वृक्षायुर्वेद होता. राजाला आणि शेतकऱ्याला ज्यांची रोज गरज पडे, त्यांच्या प्रकृतीची काळजी ग्रंथांनी वाहिली.

४/ मासेही दुर्लक्षित नव्हते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२व्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा अध्याय आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालायचे खाद्य, गळ आणि दोरी यांची चर्चा त्यात येते. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या अध्यायावर अभ्यासलेख लिहिला. पण या अध्यायाचा विषय मासेमारीचा आनंद हा आहे.

५/ पुढे कंपनी सरकारच्या काळात कर्नल विल्यम साइक्स याने दख्खनच्या माशांवर निबंध लिहिला (१८३९). आपल्या नद्यांतील खुद्री महसीरसारख्या माशांची शास्त्रीय वर्णने त्यात आहेत. साइक्सला माशांच्या जाती ओळखायच्या होत्या. गढूळ पाण्यातला मासा आजारी कसा पडतो, हे पाहण्याची सोयच तेव्हा नव्हती. आजारी मासा तळाशी जाई किंवा दुसऱ्या प्राण्याच्या तोंडी पडे.

६/ ही सोय काचेने केली. १८५०च्या सुमारास लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने काचेच्या टाकीत सोनमासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या. कुजलेल्या पानांनी पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. माशांना वाचवण्यासाठी त्याने पाण्यावर उपाय केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

७/ १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि घरोघरी टाकी ठेवण्याची हौस पसरली. आता माणूस माशाकडे दिवसभर बाजूने पाहू शकत होता. मासा पर मिटून बसतो, दगडावर अंग घासतो, पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतो, ही लक्षणे आता रोज नजरेस पडू लागली.

८/ १८७६ हे या इतिहासातील विलक्षण वर्ष. फ्रान्समध्ये फूके या संशोधकाने माशांच्या कातडीवर पांढरे ठिपके उठवणाऱ्या सूक्ष्म परजीवीचे वर्णन करून त्याला ‘इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस’ हे नाव दिले. अर्थ साधारण असा : पुष्कळ पिल्ले असलेली माशाची ऊ. त्याच वर्षी जर्मनीत बीएएसएफ कंपनीतील हाइनरिख कारो याने कापड रंगवण्यासाठी एक निळा रंग तयार केला. त्याचे नाव मेथिलीन ब्लू.

९/ रोग आणि रंग यांचा तेव्हा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. पुढे पॉल एर्लिख याने पाहिले की, हा रंग काही पेशींना आणि जंतूंना विशेष चिकटतो. १८९१ मध्ये त्याने तो मलेरियाच्या रुग्णांना देऊन पाहिला. रंगाच्या कारखान्यातून औषध निघू शकते, ही कल्पना येथे रुजली. आज मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी निळी बाटली याच घराण्यातली आहे.

१०/ फूकेच्या परजीवीने एक कठीण धडा दिला. पांढरा ठिपका दिसतो, तेव्हा परजीवी कातडीच्या आत सुरक्षित असतो आणि तेथे औषध पोहोचत नाही. वाढ पूर्ण झाल्यावर तो गळून तळाशी जातो, त्याची शेकडो पिल्ले होतात आणि ती नवा मासा शोधत पोहतात. औषधाचा मारा लागू पडतो तो या पोहणाऱ्या अवस्थेवर.

११/ म्हणूनच ठिपके नाहीसे झाले की औषध थांबवणे ही जुनी आणि महागात पडणारी चूक ठरली. ठिपके गेले म्हणजे पुष्कळदा परजीवी फक्त तळाशी गेलेला असतो. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास हे चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होते. थंड पाण्यात ते लांबते. ठिपके गेल्यावरही काही दिवस उपचार चालू ठेवण्याचे कारण हेच.

१२/ १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की याने अमोनियाचे नायट्राइट व नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे करून दाखवले. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणारा अमोनिया हेच जिवाणू निकामी करतात. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात. त्यामुळे मासे धापा टाकतात आणि मालक ‘रोग’ शोधत बसतो. मेथिलीन ब्लू या उपयोगी जिवाणूंनाही मारतो, म्हणून जाणकार औषधोपचार वेगळ्या टाकीत करतात.

१३/ १९०४ मध्ये म्युनिकच्या ब्रूनो होफर याने माशांच्या रोगांवरील हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली आणि या अभ्यासाला शास्त्राचे रूप आले. हळूहळू लक्षणांची भाषा तयार झाली. मिठाच्या कणांसारखे ठिपके म्हणजे इक. सोनेरी धुळीसारखा थर म्हणजे वेल्वेट. कापसासारखे पुंजके बहुधा बुरशीचे. खवले ताठ उभे राहून पोट फुगणे हे जलोदराचे लक्षण, आणि तेथे आशा थोडीच असते.

१४/ महाराष्ट्रात ही काच सर्वसामान्यांसमोर ठळकपणे आली ती १९५१ मध्ये, मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या रूपाने. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केले. १९६१ मध्ये मुंबईतच केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था स्थापन झाली. माशांचे आरोग्य हा आता अभ्यासक्रमाचा विषय होता.

१५/ माशांचा रोग किती दूर जाऊ शकतो, हे १९८८ मध्ये भारताला कळले. १९७१ साली जपानमध्ये प्रथम नोंदलेला व्रणरोग आग्नेय आशियातून बांगलादेश आणि ईशान्य भारतात पोहोचला. अफानोमायसिस नावाच्या बुरशीसदृश जीवाने मरळ आणि पुंटियस गटातील लहान माशांच्या अंगावर खोल जखमा केल्या. मासे विकेनात, मच्छीमारांची रोजीरोटी बुडाली. पुढे भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने ‘सीफॅक्स’ हे औषध विकसित केले.

१६/ याच रोगाचा एक धागा घरातील टाकीपर्यंत येतो. सिंगापूरहून जपानमध्ये आणलेल्या ड्वार्फ गुरामी या शोभेच्या माशांतही तो आढळला. शोभेचा मासा पिशवीतून प्रवास करतो, तेव्हा पिशवीतले पाणी आणि त्यातले जीवही सोबत जातात.

१७/ सह्याद्रीसाठी हा प्रश्न दूरचा नाही. पट्टेरी झेब्रा लोच (बोटिया स्ट्रायाटा) हा पश्चिम घाटातच मिळणारा छोटा मासा. कोल्हापूर भागातून त्याची नोंद आहे, जगभरच्या मत्स्यालयांत त्याला मागणी आहे, आणि आययूसीएनच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. अशा माशांच्या नदीत टाकीतला आजारी मासा ‘जीव वाचावा’ म्हणून सोडणे म्हणजे संपूर्ण खोऱ्याला धोक्यात टाकणे होय.

१८/ पावणेदोनशे वर्षांच्या या इतिहासातून उरलेला उपचारक्रम साधाच आहे. नवा मासा २ ते ४ आठवडे वेगळा ठेवावा. लक्षण दिसताच आधी पाणी तपासावे आणि त्याचा काही भाग बदलावा. नळाचे पाणी असेल तर त्यातील क्लोरीन घालवलेले असावे. गरज पडल्यास लिटरला १ ते ३ ग्रॅम खडेमीठ पुष्कळ माशांना चालते. लोच आणि कॅटफिशच्या बाबतीत मात्र जपून. औषध शेवटी, आणि नेमक्या रोगावरच.

१९/ राजूरच्या पशुपालकाने पिढ्यान्‌पिढ्या जे केले, तेच मासे पाळणाऱ्यांनी काच आल्यावर केले : रोज पाहिले, फरक टिपला, त्याला नाव दिले. मराठीत ती नावे अजून घडायची आहेत. टाकीसमोर रोज पाच मिनिटे थांबणारे डोळे मराठी घरांत आज आहेत. शब्दही तेथूनच येतील.

(धागा समाप्त)